पाण्यावर निजून आंबा

लातूरच्या एका मंगल कार्यालयात, हातात अर्धी वाटी वरण घेऊन उभा असताना, माझ्या तोंडून एक शब्द निसटला. तो शब्द गिळता आला असता तर पुढचे चार महिने सुखात गेले असते. पण तेव्हा मला वरणही धड गिळता येत नव्हतं.

विचारणारा माझा मेहुणा होता, बायकोचा थोरला भाऊ. देवणीकडं शेती करतो. आवाज असा, की शेताच्या एका धुऱ्यावरून हाक मारली तर दुसऱ्या धुऱ्यावरचा माणूस दचकतो. जिलेबीच्या परातीशेजारी उभं राहून त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, “दाजी, अर्धेच राहिलात की ओ! काय करून राहिले काय?”

याचं उत्तर आम्ही नांदेडहून ठरवून आणलेलं होतं. येताना गाडीत बायकोनं माझ्याकडून ते दोनदा म्हणवूनही घेतलं होतं. उत्तर होतं, ‘चालतो.’ रोज सकाळी पाच किलोमीटर, गोड बंद, रात्रीचा भात बंद. मी ते बरोबर म्हटलं. तर मेहुण्याच्या मागून त्यांच्या गावचे एक पाहुणे म्हणाले, “चालून एवढं उतरत न्हाई बगा. आमी बी चालतो की रानात. आमचं कुठं उतरलं?”

सगळे त्यांच्या पोटाकडं बघून हसले आणि मग माझ्या पोटाकडं बघायला लागले.

“चालतो,” मी म्हणालो, “आणि पोहतो.”

बायको समोरच्या रांगेत ताट घेऊन उभी होती. तिनं मान वर करून माझ्याकडं अशी नजर टाकली, की पंचवीस वर्षांच्या संसारात ती नजर मी तीनदाच पाहिली आहे.

मेहुण्याचा चेहरा मात्र उजळला. “पोहता? आं! मंग यंदा धोंड्याला यायचं म्हंजे यायचं. विहिरीला पाणी हाय. पोरं नुसतं ऐकूनच हायत, दाजी पाण्यावर निजून आंबा खायचे म्हनून. दावा की एकदा!”

*

आता खरं काय ते सांगतो. गणपती उठल्यावर आम्ही दोघं हैदराबादला गेलो आणि मी पोट कापून घेतलं. पोटाला पाच छिद्रं पाडून डॉक्टरांनी आतल्या पिशवीचा मोठा भाग काढून टाकला आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवली. माझं वजन तेव्हा एकशे अठ्ठावीस किलो होतं. साखर होती, रक्तदाब होता, गुडघे होते. म्हणजे गुडघे सगळ्यांनाच असतात, पण माझे मला दिवसभर आठवण करून द्यायचे. शाळेत गणित शिकवतो. शेवटची दोन वर्षं फळ्याचा खालचा अर्धा भाग मी वापरलाच नव्हता, कारण वाकता येत नव्हतं.

हे लपवण्याचं कारण सासूबाई. मी त्यांना मामी म्हणतो. सहा वर्षांपूर्वी माझे सासरे पोटाच्या दुखण्यानं गेले. आधी जेवण तुटलं, मग अंग उतरलं, मग लातूरला नेऊन पोट उघडलं आणि महिन्याच्या आत सगळं संपलं. तेव्हापासून ‘पोटाचं आपरेशन’ हे शब्द त्या घरात कुणी उच्चारत नाही. त्यांना कशाला घाबरवायचं, असं मीच बायकोला म्हणालो आणि तिनं मान्य केलं.

हे झालं सांगायचं कारण. दुसरं कारण मी बायकोलाही सांगितलं नव्हतं, पण तिला माहीत होतं. तेवीस वर्षं मी वर्गात मेहनतीवर व्याख्यान देत आलो आहे. उत्तर मागच्या पानावर बघून लिहिणाऱ्या पोरांचे मी कान धरले आहेत. आणि स्वतःचं गणित मात्र भूल घेऊन, झोपेत, दुसऱ्याकडून सोडवून घेतलं. ते कुठल्या तोंडानं सांगू?

*

पोहण्याचं म्हणाल तर, त्यात मात्र मी कधीकाळी खरंच कुणीतरी होतो.

आमचं गाव हदगावकडचं. तिकडं पोरांना विहिरीतच पोहायला शिकवतात. पाठीला रिकामा, तोंड बंद केलेला तेलाचा डबा बांधतात आणि देतात ढकलून. डबा पोराला वर धरतो, पोरगं हातपाय मारतं. महिना-पंधरा दिवसांनी डबा सुटतो. माझा डबा तिसऱ्या दिवशी सुटला. वडील म्हणाले, “ह्याला डबा कशाला, ह्योच डबा हाय.” सगळी विहीर हसली, पण मला राग आला नाही. कारण बाकीची पोरं धापा टाकत हातपाय झाडत असताना मी नुसता पाठीवर पडून असायचो. शाळेत धावण्याच्या शर्यतीत मी शेवटी यायचो, कबड्डीत मला कुणी घ्यायचं नाही, झाडावर चढलो तर फांदीच खाली यायची. पाण्यात मात्र मला काहीच करावं लागायचं नाही. पाणीच मला उचलून धरायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला मी हे सासरी दाखवलं. आमच्याकडं अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. दर तीन वर्षांनी येतो. त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे करून घालायचे, नवे कपडे करायचे, ताटात तेहतीस अनारसे ठेवायचे, अशी रीत. त्या वर्षी मी त्यांच्या विहिरीत गुडघे पोटाशी घेऊन असा मुटका मारला, की पाणी काठावरच्या मोटारीच्या पेटीपर्यंत उडालं आणि तीन दिवस मोटार चालू झाली नाही. मग मी पाण्यावर पाठीवर निजलो. एक हात डोक्याखाली घेतला आणि दुसऱ्या हातानं रायवळ आंबा चोखून खाल्ला. कोय काठावर फेकली. सासरे, जे कधी हसायचे नाहीत, ते हसले. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या जाडीचं कुणाला कौतुक वाटलं असेल तर ते त्या विहिरीवर.

पुढं वजन वाढत गेलं. विहिरीत उतरणं सोपं होतं, पायऱ्या चढून वर येणं जमेना. शेवटची आठ वर्षं मी पाण्याला शिवलो नव्हतो. आणि लातूरच्या लग्नात सांगून बसलो, पोहतो.

“त्यात काय,” मी परतीच्या गाडीत बायकोला म्हणालो. “पोहणं कुणी विसरतं का? सायकलसारखं असतं.”

“तुम्ही सायकलवरून पण पडला होता,” ती म्हणाली.

*

मार्चात नांदेडचा पोहण्याचा तलाव उघडला, तसा मी अर्ज भरायला गेलो. हैदराबादच्या डॉक्टरांनी केव्हाच परवानगी दिली होती, मीच भीतभीत हिवाळा काढला होता. अर्जात वजनाचा रकाना होता. मी सवयीनं १२८ लिहिलं. प्रशिक्षकानं अर्ज बघितला, मला बघितलं, पुन्हा अर्ज बघितला.

“सर, हे वजन कुणाचं?”

मी खोडून ८९ केलं. त्यानं अर्ज बाजूला काढून ठेवला.

पहिल्या दिवशी शिडीवरून पाण्यात उतरलो. बाजूला साठी-पासष्टीची चार मंडळी डोक्यावर टोप्या घालून सावकाश फेऱ्या मारत होती. मी मनात म्हणालो, आधी थोडं निजून घेऊ, मग पोहू. डोळे मिटले आणि नेहमीसारखी पाठ पाण्यावर टाकली.

आधी पाय गेले. मग कंबर गेली. मग पाणी अगदी शांतपणे माझ्या कानांवरून, गालांवरून आणि नाकावरून गेलं. मी ठसकत, खोकत उभा राहिलो. पाणी छातीएवढं होतं.

पुन्हा टाकली पाठ. पुन्हा तेच. सात वेळा तेच. टोपीवाल्यांपैकी एक जण थांबून म्हणाले, “नवीन आहात का? घाबरू नका, पहिल्यांदा होतं असं.”

ऐन पन्नाशीत मला कुणीतरी पाण्यात घाबरू नका म्हणालं. घरी येऊन हे बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली नाही, यावरून माझं तोंड कसं झालं असेल याचा अंदाज करावा.

तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकानं मला बाजूला घेतलं. बारीक, काळासावळा, पन्नाशीचाच माणूस. “सर, खरं सांगा. आपरेशन केलं ना वजनाचं?”

मी इकडंतिकडं पाहिलं आणि मान हलवली.

“मंग कसं तरंगताल? चरबी तरंगती सर, हाड बुडतं. तुमचं तरंगायचं सामान तिथंच ठेवून आले तुम्ही. आन् चरबीसंगं मांस बी गेलं. हे बघा दंड.” त्यानं माझा दंड दोन बोटांत धरून दाखवला. “आता सगळं पहिल्यापासून. फळी घ्या, काठाला धरून पाय मारा.”

फळी म्हणजे थर्माकोलची, पोरांना देतात ती. माझ्या फळीवर मोराचं चित्र होतं. मी ती छातीशी धरून सकाळच्या उन्हात पाय मारू लागलो. शेजारी दुसरीतली एक मुलगी तशीच फळी घेऊन पाय मारत होती. आठवड्यात तिची फळी सुटली. माझी सुटली नाही.

लोक म्हणतात, वजन उतरलं, आता काय मजा आहे! त्यांना एकदा पाण्यात आणून दाखवायला पाहिजे. पोटाची रिकामी कातडी माझ्यामागून अर्ध्या सेकंदानं यायची. मी डावीकडं वळलो की ती थोडा विचार करून डावीकडं वळायची. त्यात थंडी. नांदेडचा एप्रिल, सकाळी आठला डांबराचे चटके बसतात, आणि मी तलावातून बाहेर येऊन दात वाजवत उन्हात उभा. अंगावरची गोधडी काढून घेतल्यासारखं झालं होतं. टोपीवाले मला बघून म्हणायचे, “सर, मलेरिया तर नाही ना?”

आणि भूक. पूर्वी विहिरीतून निघालं की पोटात अशी आग पडायची, की काठावर बसून तीन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा, कुठं गेलं ते कळायचं नाही. पोहणं हे अर्धं त्या भाकरीसाठीच असायचं, असं आता वाटतं. बायको रोज तलावाच्या फाटकाशी डबा घेऊन यायची. त्यात मुगाच्या डाळीचं एक धिरडं आणि दही. अंडं आमच्यात चालत नाही, तेव्हा डॉक्टरांनी डाळी, दही आणि पनीर यांच्यावर भिस्त ठेवली होती. अर्धं धिरडं खाल्लं की आतली नळी भरायची. उरलेलं अर्धं बायको खायची. पाणीसुद्धा लगेच प्यायचं नाही, अर्ध्या तासानं, तेही घोटघोट. तलावात तासभर नाकातोंडात पाणी जाऊन यायचं आणि बाहेर आलं की तहानलेलं बसायचं.

प्रशिक्षकानं काठावर उठाबशा सुरू केल्या. शाळेत मी पोरांना पंचवीसची शिक्षा देतो. माझ्या नऊ झाल्या आणि मांड्या थरथरायला लागल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत एका पोरानं गृहपाठ आणला नव्हता. मी म्हणालो, जा, बस जागेवर. ते पोरगं दिवसभर माझ्याकडं संशयानं बघत होतं.

मेच्या सुरुवातीला फळी सुटली. मी दहा हात मारून थांबायचो, मग पंधरा, मग अठरा. तलावाची रुंदी एका दमात पार केली त्या दिवशी प्रशिक्षकानं टाळी वाजवली. पण पाठीवर निजणं काही येईना. छाती भरून श्वास घेतला, हात डोक्यामागं ताणले, मान मागं टाकली, सांगितलं ते सगळं केलं. तीन-चार सेकंद राहायचो. श्वास सोडला की पाय निघालेच खाली. आंबा खायला किमान पाच मिनिटं लागतात. मी चिडून पाण्यावर थाप मारायचो आणि ते पाणी माझ्याच डोळ्यांत यायचं.

*

याच दिवसांत मामींचे फोन सुरू झाले. आधी आठवड्याला, मग दिवसाआड. लग्नात त्यांनी मला दोन घास खाऊन ताट बाजूला ठेवताना बघितलं होतं. ऑपरेशननंतर विरळ झालेले केस बघितले होते. एका दुपारी मी शेजारीच बसलो होतो आणि त्यांचा आवाज फोनमधून बाहेर येत होता.

“खरं सांग माय, काय दुखणं हाय जावयाला? तुज्या बापाचं बी असंच झालतं. जेवान तुटलं, अंग उतरलं. तू मला लपवून राहिलीस.”

“नाही गं आई, ते पोहतात म्हणून...”

“पोहून केस जातेत व्हय?”

बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडं वळली. “सांगू का आता?”

“थांब जरा,” मी म्हणालो. “आता सांगितलं तर त्यांना वाटेल, आजार लपवायला ऑपरेशनची कथा रचली. एकदा विहिरीत निजून आंबा खाऊन दाखवला की आपोआप विश्वास बसेल, माणूस धडधाकट आहे म्हणून.”

“आणि नाही निजता आलं तर?”

“येईल.”

“मी माझ्या आईशी खोटं बोलते आहे,” ती म्हणाली. “तुमच्या आंब्यासाठी.”

मी दुसऱ्या दिवशी तलावावर अर्धा तास आधी गेलो. तेवढंच जमण्यासारखं होतं.

*

धोंड्याला आम्ही गेलो. उदगीरला उतरलो तर मेहुणा जीप घेऊन उभा. घरी गेल्यावर पाय धुतले, पाणी झालं आणि मामींनी नवे कपडे पुढं ठेवले. पांढरा शर्ट, राखाडी पँट, शिवून आणलेले. मी आत जाऊन शर्ट घातला. खांदे कोपरापर्यंत आले. आत मी आणि माझ्यासारखा आणखी एक जण आरामात मावला असता.

मला वाटलं, शिंप्याच्या वहीत जुनं माप असेल. बाहेर येऊन मी हसत म्हणालो, “मामी, शिंप्यानं जुनंच माप धरलं वाटतं.”

मामी हसल्या नाहीत. “म्याच सांगितलं त्याला, जुन्या मापानं शीव म्हनून. भरंल की परत अंग. देवाच्या मनात आसंल तर भरंल.” आणि डोळ्याला पदर लावून आत गेल्या.

एवढ्यात बाहेरून मेहुण्याची हाक आली, “दाजी, चला! आधी विहीर, मंग धोंडे!” खरं म्हणजे तिथंच ‘थांबा, मला काही सांगायचंय’ म्हणायला हवं होतं. पण पाच-सहा पोरं अंगणात आंब्याची पाटी घेऊन तयार उभी होती, आणि मी त्या तंबूसारख्या शर्टात ‘चला’ म्हणालो.

विहीर मी ओळखली. चौकोनी, दगडी, एका बाजूला पायऱ्या. पाणी हिरवट, थंड दिसत होतं. काठावर सगळं घर आलं होतं. मामी लिंबाच्या सावलीत दगडावर बसल्या होत्या. मी शर्ट काढला तेव्हा माझ्या अंगावरची लोंबणारी कातडी बघून मामींनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

“मुटका मारा, दाजी!”

“आधी अंग ओलं करतो,” म्हणालो आणि पायरी पायरीनं उतरलो. थंडीनं दम कोंडला. पण हात मारायला लागलो आणि मारत गेलो. अठरा हातांत समोरची भिंत आली. वळलो, परत आलो. तीन महिन्यांची मेहनत होती ती. मोराची फळी, उठाबशा, अर्धी धिरडी, सगळं त्या दोन फेऱ्यांत होतं. वर बघितलं. पोरं वाट बघत होती, हे झाल्यावर खरा खेळ सुरू होणार म्हणून.

“आता आंबा!” मेहुण्यानं आंबा फेकला. मी झेलला.

मी छाती भरून श्वास घेतला. पाठ टाकली. पाय वर आले, आणि राहिले. आकाश दिसलं, त्यात लिंबाची फांदी दिसली. एक, दोन, तीन. मी आंबा तोंडाशी नेला. आंबा चोखायचा तर श्वास सोडावा लागतो, ही गोष्ट तलावावर माझ्या कधी लक्षात आली नव्हती, कारण तिथं आंबा नेऊ देत नाहीत.

मी आंब्यासकट खाली गेलो. वर आलो तेव्हा तोंडात रस आणि पाणी दोन्ही होतं. पुन्हा गेलो. हात मारायचे तर हातात आंबा, आणि तो सोडायचं सुचेना. कुणीतरी ओरडलं. पाण्यावर काहीतरी आपटलं, मी ते धरलं. तेलाचा रिकामा डबा, दोरीला बांधलेला. घरातली पोरं शिकतात तो. मी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून खोकत राहिलो. आंबा माझ्यासमोरून तरंगत चालला होता. त्याला येत होतं.

वर मामी उभ्या राहिल्या होत्या. “म्या म्हनत व्हते! म्या म्हनत व्हते, जावयाला रोग हाय! कुनी ऐकलं न्हाई माजं! त्येंच्यासारखंच झालं!” त्या कपाळावर हात मारून घेत होत्या. बायको त्यांना धरत होती आणि त्या तिला ढकलत होत्या.

“मामी!” मी डब्याला लटकून ओरडलो. “रोग नाही! मी पोट कापून घेतलंय!”

विहिरीनं ते शब्द गोल फिरवून वर नेले. पोट कापून घेतलंय. मामी काठाशी आल्या, वाकल्या. “गाठ व्हती?”

“नाही मामी. गाठ नव्हती. काहीच नव्हतं.”

“मंग कशापायी कापलं?”

“जाड होतो म्हणून.”

मामींनी आधी माझ्याकडं बघितलं, मग लेकीकडं. लेकीनं मान हलवली. “हाव आई. गणपती झाल्यावर. हैदराबादला. आता साखर नाही, गोळ्या कमी झाल्या. बरे आहेत ते.”

“बरं असताना पोट कापलं?” मामी म्हणाल्या. “येड लागलंय का तुमाला?” मग त्या काठावरच मटकन बसल्या आणि रडायला लागल्या. रडता रडता लेकीच्या दंडावर चापट मारली. “लग्नापासनं झोप न्हाई मला. चार म्हैने झाले. येक फोन करून सांगता येत नव्हतं?”

मी तसाच डबा धरून खाली होतो. मेहुणा दोरी धरून वर होता. तो हळूच म्हणाला, “दाजी, वढू का आता? का आनखी काय सांगायचं राहिलंय?”

*

जेवायला बसलो तेव्हा ताटात एकच धोंडा होता आणि शेजारी विळी. मामी म्हणाल्या, “किती चालतो?” मी म्हणालो, “पाव.” त्यांनी धोंडा चार भागांत कापला, त्यातला एक मला वाढला, तुपाची वाटी बाजूला सरकवली आणि समोर बसून राहिल्या. मी पाव धोंडा वीस मिनिटं चावून चावून खाल्ला. तो पोटात नीट राहिला याची खात्री होईपर्यंत त्या उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, “एवढं पुरण म्या कुनासाठी वाटलं?” बाकीचे धोंडे मेहुण्यानं आणि पोरांनी संपवले. मी बघत होतो. भूक नव्हती, पण बघणं सुटलेलं नाही.

परत निघताना मामींनी तो शर्टही पिशवीत घातला. धोंड्याचं वाण परत घेत नसतात म्हणे.

नांदेडच्या गाडीत बसलो. मग राहवेना. म्हणालो, तीन महिने घातले, रोज सकाळी घातले. दोन फेऱ्या मारल्या त्या कुणाच्या डोळ्यांत भरल्या नाहीत. बुडलो तेवढं मात्र वर्षानुवर्षं सांगत बसतील. पोट गेलं, भाकरी गेली, पाण्यावर निजणं एक माझं होतं, तेही गेलं. मग मिळवलं काय मी?

बायकोनं मांडीवरच्या पिशवीतून शर्ट काढला, उलगडला, शिवण उलटून बघितली. कापड चांगलं होतं. तिनं तो पुन्हा घडी करून ठेवला.

“पुढचा धोंडा तीन वर्षांनी आहे,” ती म्हणाली. “तोवर शिका हळूहळू. आणि नाहीच आलं निजायला, तर आंबा काठावर बसून खा. मी पण बसेन. सकाळपासून त्या पाटीतला एकसुद्धा मला मिळाला नाही.”